बाबांचा बक्कल नंबर

बाबांचा बक्कल नंबर मी बाईंच्या वर्गात सांगितला, आणि तो आईच्या शिवणाच्या मशीनवरचा आकडा आहे असं खोटं बोलले. आमच्याकडे शिवणाचं मशीन नव्हतंच. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. माझे बाबा पोलिसात आहेत हे कुणाला कळेल, याचीच त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

आम्ही नायगावला पोलीस लाइनीत राहायचो. एक खोली, बाहेर लांब गॅलरी, टोकाला नळ. बाबा साधे शिपाई. निळा डगला, निळी अर्धी विजार, डोक्यावर पिवळी टोपी, कमरेला रुंद पट्टा आणि पट्ट्यावर पितळेचं बक्कल. बक्कलावर नंबर कोरलेला होता, २४९१. दर रविवारी ते बक्कल चिंचेनं घासून लखलखीत करायचं काम माझं होतं. दोन, चार, नऊ, एक या आकड्यांच्या खाचांत हिरवं धरायचं, ते मी काडीनं काढायची. त्यामुळे तो आकडा मला माझ्या नावासारखा पाठ होता.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सुरू झाली तेव्हा आम्हा लाइनीतल्या पोरांनाही तिचं फार कौतुक होतं. आम्ही आट्यापाट्या खेळतानासुद्धा ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं ओरडायचो. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एकदा आईला हळूच म्हणाले, “पोरं बोलतात ते खरंच आहे. पण मी कपडे चढवले की मला तोंड नसतं.” मग गोळीबार सुरू झाले आणि सगळंच बदललं. पलीकडच्या चाळींतल्या बायका आईशी बोलेनाशा झाल्या. भोईवाड्याच्या कोपऱ्यावर बसणारी कोळीण आईला बघून टोपलीवर फडकं ओढायची. एका दुपारी आमच्या गॅलरीत वीट येऊन पडली. कुणाला लागली नाही, पण ती वीट उचलून टाकायचंही धाडस दोन दिवस कुणाला झालं नाही.

आईनं मला समोर बसवून सांगितलं, “कोण विचारला तर चाळीत राहतो म्हणायचं. बाबा काय करतात विचारलं तर मान खाली घालून पुढे जायचं. कळलां मां गो?” आई कोकणातली. घाबरली की तिच्या बोलण्यात गावची भाषा यायची.

माझ्या शाळेतल्या एक बाई लालबागला राहत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्या आम्हा सहा मुलींना दुपारी आपल्या घरी गणित शिकवायच्या, कुणाकडून काही न घेता. त्या एकट्याच राहत. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली. बाईंना हसताना मी फार कमी पाहिलं. त्यांचा आवाज चढत नसे, पण उत्तर चुकलं की त्या चष्म्यातून नुसत्या बघत राहायच्या आणि आपण आपोआप पाटी पुसायला लागायचो.

त्या महिन्यात बाईंनी अवयव पाडायला घेतले होते. अवयव म्हणजे हातपाय एवढंच मला माहीत होतं, त्यामुळे ‘या संख्येचे अवयव पाडा’ हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच. मग कळलं की एखादी संख्या कोणकोणत्या संख्यांच्या गुणाकारानं बनली आहे ते शोधायचं. बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन. काही संख्या मात्र एकाशिवाय आणि स्वतःशिवाय कशानंच भागल्या जात नाहीत. त्या मूळ संख्या.

“दिसण्यावर जाऊ नका,” बाई म्हणायच्या. “एक्क्याण्णव बघा. ना सम, ना शेवटी पाच, आकड्यांची बेरीज दहा. वाटतं, ही मूळच असणार. मग तेरा साती किती?”

आम्ही सगळ्या एका सुरात एक्क्याण्णव म्हणायचो.

एक दिवस बाई म्हणाल्या, “प्रत्येकीनं घरातला एक आकडा आणा. कसलाही चालेल. तो मूळ आहे की फुटतो, ते तिनंच शोधायचं.” दुसऱ्या दिवशी कुणी खोलीचा नंबर आणला, कुणी रेशनकार्डावरचा. माझ्या शेजारी बसायची ती मुलगी त्याच चाळीतली, बाईंच्या पलीकडच्या खोलीतली. तिचा दादा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होता. तिनं त्याचा बिल्ला नंबर आणला, सातशे तेरा. तो तिनं तासाभरात फोडला, तेवीस गुणिले एकतीस. आम्ही दोघी एकाच सतरंजीच्या तुकड्यावर बसायचो, तिच्या डब्यातलं मी खायची. तिला मी नायगावच्या चाळीत राहते एवढंच सांगितलं होतं.

माझी पाळी आली आणि तोंडातून एकदम निघून गेलं, “दोन हजार चारशे एक्क्याण्णव.”

“कुठला गं?” शेजारणीनं विचारलं.

“शिवणाच्या मशीनवरचा. आईच्या.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या रजिस्टरात बापाचा धंदा लिहिलेला असतो, आणि ते रजिस्टर बाईंच्याच हातचं होतं, हे मला त्या क्षणी आठवलं. कानशिलं गरम झाली. पण बाई एवढंच म्हणाल्या, “मोठी आहे. पन्नासचा वर्ग अडीच हजार, म्हणजे तुला सत्तेचाळीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. एकही सोडायची नाही.”

मी रोज थोडं थोडं करायची. सातानं बाकी सहा उरली, अकरानं पाच, तेरानं आठ. मला मनातून ती संख्या फुटायला नको होती. का, ते सांगता येणार नाही. बाबांचा नंबर होता, म्हणून असेल.

पुढे हरताळ झाला, शाळा बंद झाल्या. बाबा दोन दिवस बंदोबस्तावर होते, घरी आलेच नव्हते. लाइनीतल्या सगळ्याच घरांतले पुरुष बाहेर होते आणि बायका गॅलरीत कठड्याला धरून उभ्या असायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आई पाण्याच्या रांगेत गेली असताना मी पाटी घेऊन सटकले. बाईंनी निरोप पाठवला नव्हता, म्हणजे वर्ग असणार असा मी सोयीचा अर्थ लावला. खरं म्हणजे घरात बसून माझा जीव घुसमटत होता. आई दर थोड्या वेळानं दाराकडे बघायची.

परळपर्यंत रस्ता मोकळा होता. ट्राम बंद होत्या. रुळांवर दगड आणि चपला पडल्या होत्या. एक लहान मुलाची चप्पल होती, तिच्याकडे न बघता मी पुढे गेले. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. लालबागच्या नाक्याकडून लोकांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मी पळतच बाईंच्या चाळीत शिरले आणि जिना चढले.

बाईंनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला. “तू कशी आलीस? कुणी पाठवलं तुला?” मी पाटी पुढे केली. शेजारची मैत्रीण आधीच तिथे बसली होती. तिची आई गावाला गेली होती आणि दादा सकाळपासून बाहेर होता, म्हणून बाईंनी तिला आपल्याकडे बसवून ठेवलं होतं. बाईंनी मला आत ओढलं, दार लावलं आणि म्हणाल्या, “बस. तुझी संख्या काढ.”

मी एकोणतीसवर होते. पंचाऐंशीचा भाग जाऊन सव्वीस बाकी लिहिली आणि तेवढ्यात पहिला आवाज झाला. कुणीतरी जाड फळी फरशीवर आपटावी तसा, कोरडा. मग लागोपाठ तीन. मैत्रिणीनं माझा दंड धरला. बाईंनी खिडकी लावून घेतली, तरी थोड्या वेळात डोळे झोंबायला लागले. खाली अश्रुधुराचं नळकांडं फुटलं होतं. गॅलरीतल्या बायका बादल्यांनी पाणी ओतत होत्या आणि शिव्या देत होत्या. त्या शिव्या पोलिसांना होत्या. माझ्या लाइनीतल्या सगळ्या घरांना त्या लागू होत्या. मी मान वर केली नाही.

“लिहीत राहा,” बाई म्हणाल्या. त्यांनी आमच्या डोळ्यांवर ओल्या फडक्याच्या घड्या दिल्या. एक हात डोळ्यावर धरून मी भागाकार करत होते. एकतीसनं अकरा उरले. सदतीसनं बारा. एक्केचाळीसनं एकतीस. मला वाटत होतं, हे संपलं की बाहेरचंही संपेल. त्रेचाळीसनं चाळीस उरले आणि माझा धीरच सुटला. मी खाली ‘मूळ’ असं लिहिलं आणि पाटी उपडी ठेवली.

थोड्या वेळानं जिन्यावर धावपळ ऐकू आली. दारावर थापा पडल्या. “बाई, उघडा, उघडा लवकर!” गिरणीतले दोन जण मैत्रिणीच्या दादाला धरून आले होते. त्याचा सदरा पाठीवर फाटला होता आणि डावा हात मनगटापासून भलत्याच दिशेला वळला होता. बाईंच्या खोलीत टिंक्चर आयोडीन आणि कापूस असायचा, चाळीत कुणाला काही लागलं की लोक त्यांच्याकडेच यायचे. बाईंनी त्याला सतरंजीवर बसवलं. मैत्रीण ओरडली नाही. ती दादाच्या पायाशी जाऊन नुसती बसली.

बाईंनी फळ्यावर रेघा मारायच्या दोन पट्ट्या घेतल्या, हाताच्या दोन्ही बाजूंनी लावल्या आणि पातळाची चिंधी गुंडाळायला लागल्या. तो दात आवळून बोलत होता. बोललं की दुखणं कमी वाटत असावं.

“पाठीत लाठी बसली, पडलो. पडल्यावर मारलं, बाई. मी डोकं झाकायला हात वर केला, त्या हातावर मारलं. तोंड नाही बघितलं साल्याचं. पण पट्टा डोळ्यासमोर होता. बक्कल बघितलं मी. शेवटी एक्क्याण्णव होता. एक्क्याण्णव, लिहून ठेवा कुणीतरी.”

माझ्या पाटीवर तो आकडा सगळ्यात वर होता, ठसठशीत अक्षरात. मी पाटी मांडीखाली सरकवली. पाटीची चौकट जमिनीवर वाजली. मनात हिशेब सुरू झाला, मी तो करत नव्हते, तो आपोआप होत होता. शंभरात एक आकडा एक्क्याण्णवनं संपतो. चार आकडी नंबर नऊ हजार. म्हणजे नव्वद शिपाई असू शकतात. नव्वदांतले एक बाबा. नव्वद पुष्कळ आहेत, मी स्वतःला सांगितलं.

“थांबा,” दादा म्हणाला. त्यानं डोळे मिटले होते. “आधी चार होता. चारशे एक्क्याण्णव. त्याच्या आधीचा आकडा पट्ट्याच्या चामडी पट्टीखाली गेलेला. चारशे एक्क्याण्णव, नक्की.”

नव्वदांचे नऊ झाले.  मी तोंडावर हात दाबून धरला.

मैत्रिणीनं हळूहळू मान वळवली. ती हुशार होती, आणि इतके दिवस माझ्या शेजारी बसून माझी पाटी बघत होती. ती सहज म्हणाली, तिच्या आवाजात काही वाकडं नव्हतं, “हिच्या मशीनचा पण शेवटी चारशे एक्क्याण्णव आहे.”

गिरणीतल्या दोघांपैकी एकानं माझ्याकडे पाहिलं. “कसलं मशीन?”

मी मांडी घट्ट दाबून पाटी झाकली. त्यानं पुन्हा विचारलं, “कुठं राहते ही पोरगी?”

“शिवणाचं मशीन,” बाई म्हणाल्या. हातातली गाठ मारता मारता, डोळे वर न करता. “माझी विद्यार्थिनी आहे, नायगावच्या चाळीतली. आकडा काय, सगळ्याच वस्तूंवर असतो. तुम्ही दोघं खाली जाऊन डॉक्टर मिळतो का बघा. आणि तू गं, पाणी आण.” शेवटचं मैत्रिणीला.

ते दोघं गेले. ज्या बाई सातचा सहा लिहिला तरी ऐकून घेत नसत, त्या माझ्यासाठी सरळ खोटं बोलल्या होत्या. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी जास्तच घाबरले. बाईंनासुद्धा खोटं बोलावं लागतं, म्हणजे काय होऊ शकतं ते बाईंना माहीत होतं.

मग खालून गाडीवरच्या कर्ण्यातून संचारबंदी पुकारली. मला घरी जाता येणार नव्हतं. आई आता काय करत असेल, या विचारानं मला रडू फुटलं. बाईंनी मला मोरीशी नेलं, तोंड धुवायला लावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “पाटी पुसलीस?”

“नाही.”

“आण इकडे.” त्यांनी पाटी बघितली. मला वाटलं आता त्या पुसून टाकतील. त्या म्हणाल्या, “सत्तेचाळीसनं भागलंस?”

मी नकारार्थी मान हलवली. बाईंनी पेन्सिल पुढे केली. तिथेच मोरीच्या कट्ट्यावर पाटी ठेवून मी भाग लावला. सत्तेचाळीस पंचे दोनशे पस्तीस. उरले चौदा, वरून एक उतरवला, एकशे एक्केचाळीस. सत्तेचाळीस त्रिक एकशे एक्केचाळीस. बाकी काही नाही. सत्तेचाळीस गुणिले त्रेपन्न.

“आता पूस,” बाई म्हणाल्या.

मी पुसली, पाण्यानं, दोनदा. पुसताना मी विचारलं, “बाई, बाबाच असतील का हो?”

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “नऊ जण असू शकतात.” माझ्या मनात चाललेला हिशेब त्यांनीही केलाच होता. क्षणभर थांबून म्हणाल्या, “नऊ आकडे आहेत म्हणजे नऊही माणसं लालबागलाच होती असं नाही.” हे त्या धीर द्यायला म्हणाल्या. पण नऊच्या नऊ लालबागला नसतील, तर मग उरतात किती, असं माझ्या मनात आलं आणि मी कान झाकून घेतले.

सकाळी दोन तास संचारबंदी उठली तेव्हा बाई मला नायगावला घेऊन आल्या. लाइनीच्या फाटकाशी त्या थांबल्या, आत आल्या नाहीत. आई गॅलरीतून धावत खाली आली. तिनं मला आधी एक थोबाडीत दिली आणि मग इतकं घट्ट धरलं की मला श्वास घेता येईना. बाबा त्या दिवशी दुपारी आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. जेवले नाहीत. पट्टा काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी बक्कलाकडे बघितलं. दोनाच्या आकड्यावर पट्ट्याची पट्टी सरकलेली होती.

मी दोन दिवस काही बोलले नाही. बाबा माझ्या जवळून गेले की मी अंग चोरायची. त्यांच्या ते लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “काय झालंय तुला? बाईंकडे कुणी काही बोललं?”

मी सगळं सांगितलं. बिल्ला नंबर, मशीन, हात, चारशे एक्क्याण्णव. आई चुलीपाशी होती, तिच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. बाबांनी एकच विचारलं, “कुठला हात?”

“डावा.”

 नाही, मी तिथे नव्हतो, असं त्यांनी म्हणावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते उठून बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात शहर जरा शांत झालं. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी धोतर आणि पांढरा सदरा घातला आणि मला म्हणाले, “चल, बाईंकडे जाऊन येऊ.” आई मला मागे ओढून दारात आडवी उभी राहिली. “तुमका जिवंत सोडूचे नाय. चेडवाक तरी नेऊ नकात.” बाबांनी तिला बाजूला केलं. रागानं नाही, हळूच.

वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. लालबागची चाळ दिसली तेव्हा माझे पाय मागे ओढायला लागले. मी त्यांचा हात धरला होता आणि मला सारखं वाटत होतं, गॅलरीतला प्रत्येक माणूस आमच्याकडेच बघतोय. पोलिसाची चाल लपत नाही, असं आई म्हणायची. बाबा ताठ चालत होते. मला त्यांना सांगावंसं वाटत होतं, वाकून चाला ना.

बाईंनी आम्हाला आत घेतलं. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, “त्या दादाला बोलावता का?” बाईंनी गॅलरीत दोन्हीकडे पाहिलं. मग पलीकडच्या खोलीत गेल्या. दादा आला. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. त्याच्यामागे माझी मैत्रीण. बाईंनी दार लावलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

बाबा म्हणाले, “मी हिचा बाप. पोलिसात आहे. माझा नंबर दोन हजार चारशे एक्क्याण्णव.”

 बाहेर नळावर कुणाची तरी कळशी भरत होती, तिचा आवाज वर वर चढत गेला.

“त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मीच होतो,” बाबा पुढे म्हणाले. “पहिली पाठीत मारली. तुम्ही पडलात. दुसरी मारायचं कारण नव्हतं. मारली.”

“का?” दादानं विचारलं.

“वरून दगड येत होते. तुमचा हात वर आला. मला वाटलं, हातात काहीतरी आहे. भ्यालो.”

“काही नव्हतं हातात.”

“हो. नंतर दिसलं.”

दादाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. तो एक पाऊल पुढे आला. मी बाबांच्या सदऱ्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं. तो अगदी हलक्या आवाजात बोलायला लागला, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. “मी आता नुसती हाक मारली तर तुम्ही जिन्यापर्यंत पोचणार नाही. माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग पोरीला कशाला आणलंत?”

बाबा खाली बघून म्हणाले, “एकट्यानं यायची हिंमत झाली नाही.”

दादा माझ्याकडे बघत राहिला.  मला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मग तो मागे सरकून कॉटवर बसला, एका हातानं प्लॅस्टर सावरत.

“हळू बोला,” तो म्हणाला. “भिंती पातळ आहेत इथल्या. आणि निघा आता. परत या चाळीत येऊ नका.”

बाबांनी पुन्हा हात जोडले. त्यानं मान वळवली. आम्ही दाराबाहेर पडलो तेव्हा तो मागून म्हणाला, “पोरीला येऊ दे. तिची परीक्षा आहे.”

जिना उतरताना बाबांनी माझा हात इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली. गॅलरीतून कुणीतरी विचारलं, “कोण पाव्हणं?” आणि बाईंनी वरून उत्तर दिलं, “मुलीचे वडील आहेत, फीबद्दल विचारायला आले होते.” त्या फी घेतच नव्हत्या, हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. कुणी काही म्हणालं नाही.

भोईवाड्याच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बाबा एकदम बसले. म्हणाले, “जरा थांब.” त्यांचे गुडघे धोतरातून हलताना दिसत होते. माझ्या बाबांना कशाची भीती वाटते असं मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ते कळल्यावर मला आधार वाटला नाही. ते आता उठतील की नाही, आणि नाही उठले तर मी काय करायचं, एवढंच माझ्या मनात होतं. बऱ्याच वेळानं ते उठले.

दादाचं मनगट पूर्ण सरळ झालं नाही. त्याला साच्यावर उभं राहता येईना, गिरणीतच दुसऱ्या खात्यात काम मिळालं. बाबा नोकरीत राहिले. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

मी वर्गाला जायला लागले. मैत्रीण माझ्या शेजारी बसायची नाही, पण भांडलीही नाही. आणि चाळीत तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला कळलं असतंच. रोज जिना चढताना मी आधी वर कानोसा घ्यायची, मगच पाय टाकायची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती मला जिन्यात भेटली. खाली कुणी नव्हतं, वर कुणी नव्हतं. मी भिंतीला चिकटून वाट दिली. ती पुढे गेली नाही. एक पायरी वर उभी राहून तिनं मला विचारलं, “तुझे बाबा तुला मारतात का?”

मी म्हटलं, “नाही. कधीच नाही.”

 मग पाटी छातीशी धरून ती खाली उतरून गेली.